एकसारख्या होड्या, आणि त्या एकसारख्या ठेवण्याचं काम

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत एक वाद फार जुना आहे. जिंकलं कोण, चालवणारा की होडी? लांब, हलकी, नव्याकोऱ्या शिडाची होडी त्याच वाऱ्यात जास्त वेगाने पळते. म्हणून वेगवेगळ्या होड्या एकत्र उतरल्या की प्रत्येकीच्या वेळेला एक गुणक लावून हिशेब करावा लागतो. याला हँडिकॅप म्हणतात. सगळ्यांत आधी रेषा ओलांडलेली होडी निकालात पाचवी निघू शकते. हा हिशेब कितीही प्रामाणिकपणे केला तरी हलक्या वाऱ्यात तो एकीला झुकतं माप देतो आणि जोराच्या वाऱ्यात दुसरीला.

वन-डिझाइन वर्ग हा त्यावरचा सरळ उपाय. एका वर्गातल्या सगळ्या होड्या एकाच आराखड्याच्या. लांबी तीच, वजन तेच, डोलकाठी आणि शीडही तेच. गुणक नाही, दुरुस्ती नाही. जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण एखाद्या वर्गाच्या बातम्या काही महिने वाचल्या की जाणवतं, शर्यतींचे निकाल त्यात थोडेच असतात. अमुक जाडीची दोरी चालेल का, नव्या शिडाचं कापड कोणतं, मोजमाप तपासणी कधी, नियमबदलावर मतदान कधी, असाच मजकूर जास्त. नव्या वाचकाला तो रुक्ष वाटतो आणि तो पान उलटतो. माझं म्हणणं असं, की हा मजकूरच या खेळाचा कणा आहे. होड्या आपोआप एकसारख्या राहत नाहीत. कोणीतरी त्या सतत एकसारख्या ठेवत असतं.

सुरुवात पैशाच्या प्रश्नाने झाली

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या किंग्सटाउन बंदरात, म्हणजे आजच्या डन लिअरीत, १८८७ मध्ये 'वॉटर वॅग' नावाच्या छोट्या होड्यांचा वर्ग सुरू झाला. जगातला पहिला वन-डिझाइन वर्ग म्हणून तो ओळखला जातो. कल्पना टॉमस मिडल्टन यांची. त्या काळी ज्याच्याकडे पैसा तो दर मोसमात आधीपेक्षा वेगवान होडी बांधून घ्यायचा, आणि गेल्या वर्षीची चांगली होडी शर्यतीपुरती निकामी व्हायची. मिडल्टन यांनी मांडलं ते इतकंच: सगळ्यांनी एकच होडी बांधावी, म्हणजे खर्चाची चढाओढ थांबेल. १९०० मध्ये या वर्गाने थोडा मोठा, १४ फूट ३ इंचांचा नवा आराखडा स्वीकारला, आणि त्या आराखड्याच्या होड्या आजही त्याच बंदरात शर्यतीत उतरतात.

पुढे ही कल्पना जगभर गेली. १९११ मध्ये अमेरिकेत स्टार आली, १९३१ मध्ये स्नाइप, १९३८ मध्ये लाइटनिंग. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी चौकोनी नाकाची, साधारण २.३ मीटर लांबीची ऑप्टिमिस्ट रेखाटली. तिच्यात मुलं वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत स्पर्धा खेळतात. १९६९ मध्ये कॅनडात इयन ब्रूस यांच्याशी फोनवर बोलता बोलता ब्रूस कर्बी यांनी एका छोट्या होडीचं रेखाटन केलं. तीच पुढे लेझर म्हणून बाजारात आली आणि आज आयएलसीए या नावाने ओळखली जाते. ही अक्षरं तिच्या वर्गसंघटनेच्या 'इंटरनॅशनल लेझर क्लास असोसिएशन' या नावाची. आजवर तिच्या दोन लाखांहून जास्त होड्या झाल्या. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. या लेखात मी बरीचशी उदाहरणं तिचीच देणार आहे, कारण एकसारखेपणाचा आग्रह तिच्याइतका फार थोड्या वर्गांनी धरला असेल.

एकसारखी म्हणजे नेमकी किती?

सगळे वर्ग सारखेच कडक नसतात. एका टोकाला मॉथसारखे वर्ग आहेत. तिथे लांबी ३.३५५ मीटरच्या आत ठेवा, इतर थोड्या मर्यादा पाळा, बाकी डोकं लढवा. त्या मोकळीकीतूनच मॉथ पाण्याबाहेर उचलली जाऊन पाण्याखाली बसवलेल्या पंखांवर धावू लागली. हा वन-डिझाइन नव्हे, पण तुलनेसाठी लक्षात ठेवावा असा वर्ग आहे.

मधल्या गटात स्टार, स्नाइप, लाइटनिंग येतात. आराखडा एक, बांधणारे अनेक. होडी कोणीही बांधो, तिचा आकार ठरलेल्या साच्यांशी ताडून पाहतात आणि ठरावीक मिलिमीटरांचा फरक चालवून घेतात. वजन कमी भरलं तर होडीत शिशाचे तुकडे ठोकून ते पुरं करतात, आणि त्यांची नोंद होडीच्या प्रमाणपत्रावर होते. तरीही एक पळवाट उरते. एकूण वजन तेच ठेवून होडीची दोन्ही टोकं हलकी आणि मध्य जड केला, तर लाटांवर ती कमी हेलकावे खाते आणि वेग टिकवते. फिन वर्गाने यावर एक देखणा उपाय केला. होडी टांगायची, झुलवायची आणि तिच्या झोक्याची वेळ मोजायची. वजन कुठे लपवलंय ते झोका सांगतो.

दुसऱ्या टोकाला आयएलसीए. इथे होडी फक्त परवानाधारक कारखान्यांनीच, एका गोपनीय बांधणी-पुस्तिकेप्रमाणे बांधायची. शीड, डोलकाठी, सुकाणू सगळं अधिकृतच. मालकासाठी मूळ नियम एका वाक्यात मावतो: ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते निषिद्ध. साधी खाच पाडायची, एखादी कप्पी हलवायची, तरी आधी नियमांत ती मुभा शोधावी लागते. नवख्याला हे जाचक वाटतं. पण याच कडकपणामुळे ऑलिंपिकमध्ये या होड्या खेळाडू घेऊन येत नाहीत, आयोजक पुरवतात. चार वर्षं स्वतःच्या होडीवर घाम गाळलेला खेळाडू ऐन स्पर्धेत हातात आलेल्या होडीवर बसतो आणि तिच्यावर विश्वास ठेवू शकतो, ही लहान गोष्ट नाही.

एक प्रश्न मात्र या कडकपणाने सुटत नाही. होड्या सारख्या केल्या तरी माणसं सारखी नसतात. जोराच्या वाऱ्यात होडी कलंडू नये म्हणून चालवणारा कठड्यावर बसून अंग बाहेर झोकतो. तिथे वजनदार माणसाला फायदा. हलक्या वाऱ्यात तेच वजन ओझं होतं. आयएलसीएने होडीचं धड तेच ठेवलं, साधारण ४.२ मीटर लांबीचं आणि ५९ किलोंचं, आणि शिडं तीन केली. आयएलसीए ७ चं शीड ७.०६ चौरस मीटर, ६ चं ५.७६, आणि ४ चं ४.७. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. म्हणजे वाढत्या वयाचं मूल एकाच होडीवर आयएलसीए ४ चं शीड लावून सुरुवात करतं आणि अंगाने भरेल तसं मोठ्या शिडाकडे सरकतं. छोट्या होड्यांच्या जगात इतकी शहाणी योजना मला दुसरी दिसलेली नाही.

'नवा भाग मंजूर' या बातमीमागे काय असतं

समजा, बातमी आली की डोलकाठीच्या वरच्या तुकड्याला ॲल्युमिनियमऐवजी कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या पदार्थाचा, पर्याय मान्य झाला. वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आली महागडी वस्तू. प्रत्यक्षात काय घडत होतं? ॲल्युमिनियमचा तुकडा जोराच्या वाऱ्यात वाकायचा आणि कायमचा वाकडा राहायचा. वाकडी काठी शिडाचा आकार बिघडवते. ज्यांना परवडायचं ते सतत नवा तुकडा घ्यायचे, बाकीचे वाकड्यावर भागवायचे. म्हणजे नियमाने एक असलेल्या होड्या पाण्यावर एक राहत नव्हत्या. कंपोझिटचा तुकडा वाकून पुन्हा सरळ होतो. पहिला खर्च जास्त, पण तो वारंवार करावा लागत नाही. मोठ्या शिडाचंही तसंच झालं. जुनं पातळ कापड लवकर ताणलं जायचं, म्हणून नव्या शिडाला जाड कापड आणि वेगळी कापणी आली.

इथे वर्गाच्या कारभाऱ्यांची खरी कसोटी असते. बदल फार लवकर केले तर जुन्या होड्या मागे पडतात आणि मालक वैतागून निघून जातात. फार उशिरा केले तर सामान लवकर खराब होत राहतं आणि पैसेवाल्याचीच सरशी होते. म्हणून नियमबदलाला अडथळ्यांची शर्यत ठेवलेली असते. आयएलसीएत समितीची मान्यता, मग मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांचा होकार, आणि शेवटी वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची मोहोर. २०१९ मध्ये होडी कोण बांधू शकतो याची व्याख्या सभासदांनी अशाच मतदानाने बदलली, आणि ट्रेडमार्कच्या वादातून होडीचं नावही लेझरवरून आयएलसीए झालं. आराखडा मात्र तोच राहिला.

मतदानाची सूचना आली की मत द्यावं, ही माझी प्रत्येक सभासदाला कळकळीची विनंती आहे. वर्गावर मालकी कारखान्याची नसते, खेळणाऱ्यांची असते. पण ती वापरली तरच.

मोजमाप तपासणीच्या बातमीकडेही असंच पाहा. मोठ्या स्पर्धेआधी तपासनीस शिडांवर सही-शिक्का मारतात, वजन घेतात, साचे लावून पाहतात. हा संशयाचा खेळ नाही. २०१७ मध्ये इटलीतल्या पोर्तो चेर्वो इथे जे/७० या सात मीटरच्या होडीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे बुडाखालच्या वजनदार पात्याच्या आकारात फेरफार आढळल्यामुळे काही होड्या बाद कराव्या लागल्या. पात्याच्या कडेवरून घासकागद जरा जास्त फिरला, एवढ्यानेही वेगात फरक पडतो. तपासणी ढिली पडली की प्रामाणिक माणूस हरतो आणि त्याला कारणही कळत नाही.

पाण्यावर काय घडतं

होड्या एकसारख्या असल्या की शर्यत सुरुवातीच्या रेषेवरच तापते. पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा वर जातो, चार मिनिटं आधी तयारीचा. एक मिनिट उरलं की तयारीचा झेंडा खाली. घड्याळ शून्यावर आलं की निघायचं. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे त्या शेवटच्या मिनिटात साठ-सत्तर होड्या शीड सैल सोडून रेषेमागे जवळजवळ जागच्या जागी फडफडत असतात. प्रत्येकाला आपल्या खालच्या, म्हणजे वारा जातो त्या, बाजूला थोडी मोकळी जागा हवी असते, कारण वेग घ्यायला तीच लागते. क्षणभर आधी रेषा ओलांडली तर परत फिरून यावं लागतं. क्षणभर उशीर झाला तर पुढच्यांच्या शिडांवरून आलेला खवळलेला, दमलेला वारा वाट्याला येतो. हँडिकॅप शर्यतीत वेगवान होडी त्यातून निसटते. इथे तुमच्याकडे तोच वेग आहे जो समोरच्याकडे आहे. निसटायचं तर वळून दुसरीकडे मोकळा वारा शोधायचा, दुसरा मार्ग नाही.

मग वाऱ्याच्या तोंडावरचा टप्पा. शिडाची होडी थेट वाऱ्यात घुसू शकत नाही. साधारण ४५ अंश तिरकं एका बाजूला जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं. या वळण्याला टॅक म्हणतात. आता दोन होड्या घ्या, अगदी बरोबरीत, पण आडव्या अंतराने एकमेकींपासून १०० मीटर दूर. वारा १० अंश उजवीकडे फिरला. उजवीकडची होडी आता नव्या वाऱ्याच्या उगमाला जास्त जवळ आहे. डावीकडच्या होडीला तिची बरोबरी करायला साधारण २५ मीटर जास्त कापावे लागतील. म्हणजे आयएलसीएच्या जवळपास सहा लांब्या. कोणी काही चूक केली नाही, कोणाची होडी हळू नाही, तरी सहा होड्यांचं अंतर पडलं. म्हणून पाण्यावरचे मुरलेले लोक समोरच्या होडीपेक्षा लांबच्या पाण्याकडे जास्त बघतात. वाऱ्याची झुळूक येण्याआधी पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसतो. तो कोणत्या बाजूने येतोय, दूरच्या होड्या कोणत्या कोनात जाताहेत, हे वाचायला शिकणं हेच या खेळाचं अर्धं शिक्षण आहे.

दोन होड्या समोरासमोर आल्या तर काय? मूळ नियम थोडे आहेत. जिच्या उजवीकडून वारा येतोय तिला मान, डावीकडून वारा घेणारीने बाजूला व्हायचं. दोघींना एकाच बाजूने वारा आणि होड्या शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या होडीने दुसरीला जागा द्यायची. मागून येणारीने पुढचीला सांभाळायचं. वळणाच्या बोयाजवळ, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेजवळ, तीन होड्यांच्या लांबीच्या आत, आतल्या बाजूच्या होडीला वळायला जागा द्यावी लागते. नियम मोडला हे कळलं की स्वतःहून दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि पुढे निघायचं. बोयाला धक्का लागला तर एक. शिटी वाजवणारा पंच शेजारी असेलच असं नाही. बहुतेक वेळा खेळाडू स्वतःच दंड घेतो, आणि या खेळाबद्दल मला सगळ्यांत जास्त आदर याचाच वाटतो. वाद झालाच तर 'प्रोटेस्ट' असं लगेच ओरडून सांगायचं. मोठ्या होड्यांना लाल झेंडाही दाखवावा लागतो, सहा मीटरपेक्षा लहान होडीला हाक पुरते. मग किनाऱ्यावर सुनावणी.

जिथे पंच पाण्यावर असतात तिथे त्यांचं लक्ष बहुधा एका गोष्टीवर असतं. होडी फक्त वारा आणि पाणी यांच्या जोरावर चालली पाहिजे. शीड पंख्यासारखं हलवून किंवा होडी डोलवून वेग मिळवला तर पिवळा झेंडा. पहिल्यांदा दोन गिरक्या. दुसऱ्यांदा ती शर्यत सोडायची.

निकालाचा तक्ता कसा वाचायचा

पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. कमी गुणांचा विजेता. शर्यत पूर्ण न केलेल्याला डीएनएफ, रेषा लवकर ओलांडून परत न आलेल्याला ओसीएस. अशांना नोंदवलेल्या होड्यांच्या संख्येपेक्षा एक गुण जास्त. ठरलेल्या शर्यती झाल्या की प्रत्येकाचा सर्वांत वाईट निकाल वगळतात. तक्त्यात तो कंसात दिसतो.

समजा २० होड्या आणि पाच शर्यती आहेत. एकाचे निकाल १, १, १२, २ आणि एक ओसीएस, म्हणजे २१. दुसऱ्याचे ४, ३, ३, ५, ४. पहिल्याचा २१ वगळला तर उरले १६. दुसऱ्याचा ५ वगळला तर उरले १४. एकही शर्यत न जिंकता दुसरा स्पर्धा जिंकतो. होड्या सारख्या असल्या की रोज जिंकणं कोणालाच जमत नाही, म्हणून वाईट दिवशीही पाचव्यात राहणारा शेवटी वर दिसतो.

वगळण्याच्या या नियमातूनच एक गाजलेली लढत झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लेझर वर्गात शेवटच्या शर्यतीआधी ब्राझीलचा रॉबर्ट शाइट पुढे होता, ब्रिटनचा बेन एन्स्ली त्याच्या मागे. शाइट शेवटच्या शर्यतीत खूप मागे राहिला तरच ती शर्यत वगळून त्याला जुना वाईट निकाल मोजावा लागणार होता. एन्स्लीने शर्यत जिंकायचा प्रयत्नच केला नाही. तो शाइटच्या वाऱ्यात शीड आणून बसला, तो वळेल तिकडे वळला, आणि दोघेही ताफ्याच्या शेवटाकडे गेले. सुवर्ण एन्स्लीला मिळालं. काहींना हे खेळाच्या भावनेविरुद्ध वाटलं. मला नाही वाटत. होड्या अगदी सारख्या असल्यामुळेच अशी कोंडी करता येते आणि तशीच ती फोडताही येते, फक्त बुद्धी वापरून.

ऑलिंपिकबाहेरचं आयुष्य

स्टार २०१२ नंतर ऑलिंपिकमधून गेली, फिन टोकियोनंतर. दोन्ही वर्ग आजही जागतिक स्पर्धा भरवतात. कारण वर्ग जगतो तो ठिकठिकाणच्या ताफ्यांवर. एका पाण्यावर सात-आठ माणसांनी एकच होडी घेतली, आठवड्याच्या एका ठरलेल्या संध्याकाळी शर्यत ठेवली, नवख्याला आपली होडी एक दिवस चालवायला दिली, की ताफा उभा राहतो. शर्यतीनंतर पहिला आलेला माणूस शेवटच्याला शीड कसं ताणायचं हे दाखवतो. आपलं गुपित सांगायला तो घाबरत नाही, कारण मागचे सुधारले तर त्याचीही शर्यत चांगली होते. आयएलसीएच्या ज्येष्ठांच्या स्पर्धांत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी वेगळा गट आहे. जी होडी ऑलिंपिकवीर चालवतो तीच, एका चुणीचाही फरक नसलेली.

जुनी होडी घेऊन या खेळात उतरणाऱ्यांसाठी मी तीन गोष्टी सांगेन. शिडावरचा क्रमांक आणि होडीवर कोरलेला क्रमांक ताडून पाहा आणि त्या वर्षीचे नियम वाचा, कारण काही जुने भाग अजून चालतात, काही नाही. होडी काट्यावर ठेवता आली तर ठेवा, आत पाणी मुरलेली होडी वजनातच पकडली जाते. आणि आयएलसीए असेल तर डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते ती काठोकाठ पाण्याने भरा आणि काही मिनिटं थांबा. पातळी उतरली तर खोबणीच्या तळाला चीर आहे. चीर लहान असेल तर ती बुजवता येते. पण ती न बुजवता जोराच्या वाऱ्यात नेलीत तर डोलकाठी डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, फाडून बाहेर येऊ शकते.